शेऱ्याचा रकाना

फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. अनोळखी नंबर. "मॅडम, त्या ओव्यांच्या वेबसाइटवाल्या तुम्हीच ना?" आवाज तिशीतला असावा, मागे गाड्यांची घरघर, एखाद्या कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून बोलल्यासारखी. आमच्या आजीचं गाणं तुमच्या साइटवर आहे, म्हणाला. ते काढून टाका. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकलीय, त्यावर नको नको ते बोलणं चाललंय, इकडे बहिणीचं जमत आलंय. "आणि खाली नाव, गाव, जात, सगळं लिहिलंय की तुम्ही. कुणाला विचारून लिहिलं?" चिडलेला नव्हता. दमलेला होता. मोहरी करपायला लागली. मी गॅस बंद केला, ओट्यावरच लॅपटॉप उघडला, नाव टाकून ओळ शोधली. शेवटच्या रकान्यात 'स्थिती' असं आहे, त्यात निवडायला तीन पर्याय: खुले, मर्यादित, बंद. मी 'बंद' निवडलं. "झालं बघा," म्हटलं. "लई उपकार झाले मॅडम," तो म्हणाला. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. डाळीला पुन्हा नवी फोडणी घातली आणि जेवताना नवऱ्याला सांगितलंही, की आज एक बरं काम केलं.

तिसऱ्या दिवशी ते टोचायला लागलं.

ती ओवी अशी:

थोरल्या दिराजीनं माझा आंगठा गं नेला
कोऱ्या कागदावरी माझा विहिरीचा मळा गेला

ही जशीच्या तशी नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाईंचं नाव मी लिहिणार नाही, गाव लिहिणार नाही, आणि गेलं ते शेत विहिरीपाशी होतं की ओढ्यापाशी, हेही बदललंय. आंगठा मात्र आहे तसाच ठेवलाय. एका बंद केलेल्या ओवीवर लेख लिहिताना ती ओवी लेखात छापायची की नाही, यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी हा असा आडमार्ग काढला. तो बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही.

आमचा संग्रह काही मोठा नाही. शंभरपानी वह्यांचे दोन गठ्ठे आणि एका बुटाच्या खोक्यात मावतील एवढ्या कॅसेट. १९९०च्या दशकात दोन शिक्षिका सुट्ट्यांमध्ये एसटीनं गावोगाव जाऊन बायकांच्या ओव्या उतरवून घ्यायच्या, त्यांनी म्हातारपणी हे सगळं एका संस्थेच्या हवाली केलं. संस्थेला डिजिटायझेशनसाठी अनुदान मिळालं आणि मला नेमणुकीचं पत्र मिळालं, पदनाम 'डेटा क्युरेटर'. आईनं विचारलं, म्हणजे नक्की काय करतेस? म्हटलं, वह्या कॉम्प्युटरवर चढवते. पहिल्या दिवशी मी एकटीच एका खोलीत बसले आणि एक्सेलमध्ये रकाने आखले: अनुक्रमांक, ओवी, विषय, गायिकेचं नाव, गाव, तालुका, जात, वय, शिक्षण, अपत्ये, दिनांक, कॅसेट क्रमांक. अर्धा तास लागला असेल. कुणी काही विचारलं नाही, कुणी तपासलं नाही. पुढची दोन वर्षं जे काही त्या वह्यांतून बाहेर आलं ते त्या बारा भोकांतून जेवढं गेलं तेवढंच. 'स्थिती' हा तेरावा रकाना नंतर आला, वेबसाइट करणाऱ्या मुलानं मागितला म्हणून.

वह्या मात्र रकान्यांत लिहिलेल्या नव्हत्या. दोन्ही बाई समासात लिहायच्या. 'सून आली, गप्प झाल्या.' 'इथे हसल्या, कारण सांगेनात.' 'मागल्या आळीच्या मावशी म्हणतात हे असं नाही, भांडण.' 'चहा.' एका पानावर नुसताच गोल डाग आणि खाली लिहिलेलं, 'कोंबडीनं पेला लवंडला'. मला ते वाचायला फार आवडायचं. संध्याकाळी घरी येऊन सांगायचेही. पण ते भरायचं कुठे? अनुदानाचा हिशोब ओव्यांच्या आकड्यावर होता, समासावर नव्हता. मी ठरवलं, हे सोडून द्यायचं. ठरवलं हा शब्दही मोठा झाला; भरत गेले आणि ते राहत गेलं.

शिवाय साफसफाई. आमच्याकडे त्याला 'डेटा क्लीन करणं' म्हणतात. 'आंगठा'चं 'अंगठा' केलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. त्या वहीत 'अं'पुढचा काना नंतर दिल्यासारखा दिसत होता, जास्त दाबून, दुसऱ्या पेनानं. मी म्हटलं लिहिणाऱ्या बाईंचा हात घसरला असेल. एकच ओवी दोनदा आली की दुसरी काढायची, दुबार नोंद म्हणून. आणि 'विषय' या रकान्यात मी त्या ओवीपुढे लिहिलं, 'सासुरवास'. दिराचं नाव आलं की सासुरवास, माहेरचा पाहुणा आला की भाऊबहीण, इतकं ते हाताला बसलं होतं. एका बाईची जमीन लाटली गेली आणि ती मी सासूच्या टोमण्यांशेजारी नेऊन ठेवली. जमिनीच्या व्यवहारांवर, बायकांच्या वारसाहक्कावर कुणी अभ्यास करत असेल तर त्याला ती ओवी जन्मात सापडणार नाही.

माझी आजी दळायची ते मला आठवतं, म्हणजे गाणं कमी आणि जमीन जास्त आठवते. पहाटे गोधडीत पडलेलं असताना शेणानं सारवलेल्या भुईतून जात्याची घरघर पाठीला लागायची. पीठ गरम असतं, हे हात घातल्याशिवाय कळत नाही. ज्वारीच्या त्या कोमट पिठाचा वास मला अजून कुठल्याही पिठाच्या गिरणीत मिळालेला नाही. ती आमच्याकडे पाठ करून, एक पाय लांब सोडून बसायची आणि खुंट्याशी बोलत असल्यासारखी गायची. आजोबा खोकले की आवाज खाली. पुन्हा घोरणं सुरू झालं की आवाज वर. बायका जात्यावर मन मोकळं करायच्या असं आपण सगळे लिहितो. पण मोकळं कुणापुढे? दगडापुढे, घर झोपलेलं असताना. बारा-तेरा वर्षांची असताना मी वही घेऊन तिच्यापुढे बसले तर म्हणाली, "ह्ये काय लिवायचं असतंय व्हय गं?" आणि दिवसभर माझ्यासमोर गायली नाही. ते मी विसरले होते. नोकरी लागल्यावर हजारो ओव्या टाइप करताना एकदाही आठवलं नाही.

साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात खंडच्या खंड काढले. त्या काळी ओवी 'लोकांची' असायची. कुणा एकीची नसायची. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यानं हे उलटं केलं. हजारावर गावं, लाखावर ओव्या, आणि प्रत्येक ओवीमागे एक बाई: तिचं नाव, गाव, तालुका, जात. बर्नार्ड बेल यांनी त्याचा डेटाबेस बांधला, ध्वनिमुद्रणं केली, आणि २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर त्या ओव्या ऐकायला मिळतात, नावानिशी. मी विद्यार्थी असताना हे ऐकून थरारले होते. निनावी लोकांतून एक बाई उठून उभी राहते आणि म्हणते, ही माझी! जातीचा रकानाही लागतोच. आंबेडकरांवरच्या ओव्या कुठल्या वस्तीत, कुणाच्या जात्यावर जन्मल्या हे पुसून टाकलं तर उरेल काय? मी माझे बारा रकाने आखले ते हेच डोळ्यांपुढे ठेवून.

पण नाव देणं आणि उघडं पाडणं, दोन्ही एकाच रकान्यात बसतात हे मला त्या फोनपर्यंत कळलं नव्हतं. बाईंनी १९९६ साली स्वतःच्या पडवीत दोन ओळखीच्या बायकांपुढे गायलं. समोर टेपरेकॉर्डर होता, हे त्यांना दिसत होतं. पण भावकीचा ग्रुप? तो कुणालाच दिसत नव्हता. बाईंना काय विचारलं असेल, 'हे आम्ही जपून ठेवू का' की 'हे सगळ्या जगाला ऐकवू का'? दुसरा प्रश्न त्या वेळी कुणाला सुचणंच शक्य नव्हतं. आणि समजा एखादा संमतीपत्राचा कागद पुढे केला असता, तर त्यावर बाईंनी काय उठवलं असतं?

आंगठाच.

मध्यंतरी इरावती कर्व्यांबद्दल वाचत होते. १९२७ ते १९३०, बर्लिन, कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट, मार्गदर्शक ऑयगेन फिशर. विषय असा की गोऱ्यांच्या कवटीची घडण इतरांपेक्षा वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वेगळी, हे मापांनी दाखवायचं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, काही युरोपातल्या, काही जर्मन वसाहतींतून आणलेल्या, आणि निष्कर्ष लिहिला की असा फरक दिसत नाही. गुरूच्या सिद्धांताच्या विरोधात, परक्या देशात, त्या काळात, एका हिंदुस्थानी बाईनं. मला त्यांचा अभिमान वाटतोच. पण अलीकडे त्या गोष्टीतल्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूपेक्षा पलीकडची बाजू जास्त दिसते. त्या कवट्या बर्लिनला स्वतःहून आल्या नव्हत्या. कुणीतरी त्या गोळा केल्या, पुसल्या, नंबर घातले, कपाटात लावल्या. उत्तर बरोबर आलं म्हणून कपाट बरोबर ठरत नाही. आणि परत आल्यावर इरावतीबाईंनी महाराष्ट्रात हिंडून माणसंच मोजली, जातवार. मोजणाऱ्या बाईंचं नाव आपल्याला पाठ आहे. मोजून घेणाऱ्यांपैकी एकाचंही नाही, आणि त्यांची नावं असती तर ती आज कुणाच्या तरी साइटवर असती आणि त्यांच्या नातवानं फोन केला असता. म्हणजे नाव नसलं तरी वाईट, असलं तरी वाईट. मी दोन दिवस हेच घोळवत होते.

आमच्या सरांना विचारलं. ते शांत माणूस, त्यांच्याकडे सगळ्याला कलम असतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि संग्रहाच्या कामाला सूट आहे, म्हणाले, आपल्यावर काढायचं बंधन नाही. कॉपीराइटचं म्हणशील तर गाणाऱ्याला सादरकर्त्याचा हक्क असतो, ५० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं टेप भरली त्याचा, तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणजे कायद्यानं गळ्यापेक्षा टेपरेकॉर्डर जास्त जगतो. हे मी म्हटलं तेव्हा सर हसले, म्हणाले, लिहून ठेव, कुठेतरी वापरता येईल. (वापरलं.)

मग मागे एका कार्यशाळेत मिळालेले कागद काढले. आमच्या क्षेत्रात दोन मंत्र आहेत. एक 'फेअर', २०१६चा: डेटा सापडावा, मिळावा, इतरांच्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. दुसरा 'केअर', त्यानंतर तीनेक वर्षांनी आदिवासी आणि मूलनिवासी समूहांच्या बाजूनं आलेला: डेटाचा फायदा ज्या समूहाचा तो आहे त्याला व्हावा, आणि त्यावर ताबाही त्याच समूहाचा असावा. कार्यशाळेत दुसरा मंत्र ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता वाचताना एकाच शब्दापाशी अडकले. समूह. या ओवीचा समूह कोण? गाव? जात? भावकी? भावकीला ताबा द्यायचा, तर मग थोरल्या दिराच्याच घरात नेऊन द्यायचा की. परदेशी विद्यापीठ आणि एखादी जमात यांच्यातलं भांडण या मंत्रानं सुटत असेल. एकाच उंबऱ्याच्या आतल्या भांडणाचं काय करायचं, ते त्यात नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा ती ओळ उघडली. खरं म्हणजे 'जात' हा रकाना निदान वेबसाइटवर तरी झाकायचा का, हे बघायला उघडली होती. नजर पुढे सरकली. वय: अंदाजे ६०. शिक्षण: नाही. अपत्ये: ०.

शून्य.

मी बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसले. 'आमची आजी' म्हणाला होता. कुठली आजी, हे मी विचारलंच नव्हतं. ज्या रकान्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, चारचौघांत कुणा बाईला 'मुलं किती' विचारून ते टाइप करायचं हा कसला आगाऊपणा असं वाटत होतं, त्याच रकान्यानं मला सांगितलं की फोन कुठल्या घरातून आला होता.

मी त्याला फोन लावला. या वेळी घरी होता, टीव्ही चालू होता. चुलत आजी का, असं विचारलं. "हां, म्हणजे चुलतच. पण आम्हीच सांभाळलं की शेवटपर्यंत. अग्नीबी माझ्या बापानं दिला." त्याच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. लहानपणी तिच्याच कुशीत झोपायचो, म्हणाला, ती खारे शेंगदाणे पदराला बांधून आणायची. मी म्हटलं, आणि तो मळा? "कुठला मळा?" ओवीत आहे तो. तो थोडा थांबला. "तो तर आमचाच हाय. पहिल्यापासनं." खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याच्या जन्माआधीपासून तो त्यांचाच होता. त्याच्या दृष्टीनं त्याच्या प्रेमळ आजीची एक जुनी कुरकुर कुणीतरी परक्या बाईनं चव्हाट्यावर मांडली होती आणि त्यापायी त्याच्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली होती. बहीणही बाईच. तिनं तर कुणाचा मळा घेतला नव्हता. मी फोन ठेवला तेव्हा मला त्याचा राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचाच जास्त त्रास होत होता.

सर म्हणाले, चालू कर. सहकारी मैत्रीण म्हणाली, नाव झाकून चालू कर. नवरा म्हणाला, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. तिघांचंही पटलं. हा लेख लिहिते आहे तोवर रकान्यात 'बंद' आहे.

पण मूळ वही तेवढी काढली. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास येतो, डोकं धरतं. त्या पानाच्या समासात शिक्षिकाबाईंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'ही दोनदा म्हणाल्या. लिहून घे म्हणाल्या.' हे मी त्या वेळी वाचलं नसेल असं नाही. वाचलं असणार, आवडलंही असेल. रकाना नव्हता. मी शीटमध्ये शेवटी चौदावा रकाना वाढवला, वर 'शेरा' लिहिलं आणि पहिली नोंद केली. आता मागच्या सगळ्या वह्या पुन्हा चाळायच्या आहेत. अनुदान मार्चमध्ये संपलं.

दोनदा, म्हणजे टेपवरही दोनदा असणार. आमच्या फाइलीत एकदाच होती. दुसरी मीच दुबार म्हणून कापलेली. बुटाच्या खोक्यातून कॅसेट काढली, आत पेन्सिल घालून फिरवून घेतली, संस्थेच्या जुन्या डेकवर बी बाजू लावली. आधी नुसती खरखर. मग जातं. टेपसाठी मुद्दाम दळायला बसवलं असावं, कारण मधेच थांबतं, धान्य नसल्यासारखा दगडावर दगडाचा कोरडा आवाज येतो. बाईंचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला. ओवी झाली. बांगड्या वाजल्या, लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग तीच ओवी पुन्हा, या वेळी जात्याशिवाय, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला पाढा सांगावा तशी. आणि मग गाण्याच्या नाही, बोलण्याच्या आवाजात: "लिवलं का?"

"लिहिलं आजी."

"वाच बरं."

शिक्षिकेनं वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं स्वच्छ, ठासून. थोरल्या दिराजीनं माझा अंगठा गं नेला.

"आंगठा," बाई म्हणाल्या. "आंगठा लिव."

थोडा वेळ काहीच नाही. मग कागदावर पेन दाबल्याचा आवाज.